स्टायलसची झीज बघायला कोणतं भिंग घ्यावं?

एलपी, म्हणजे लाँग-प्ले तबकडी, मिनिटाला ३३⅓ फेऱ्या मारते. या वेगाने ५०० तास वाजवलं, तर बरोबर १० लाख फेऱ्या होतात. खाचेची सरासरी त्रिज्या १०३ मिलिमीटर धरली, तर एका फेरीत स्टायलस (प्लेअरची हिऱ्याच्या टोकाची सुई) सुमारे ६५ सेंटिमीटर खाच घासत पुढे जातो. म्हणजे ५०० तासांत साधारण ६५० किलोमीटर. समृद्धी महामार्ग मुंबईपासून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर आहे. जवळपास तेवढी वाट ती डोळ्याला जेमतेम दिसणारी हिरकणी विनाइलवरून घासत जाते, तीही खाचेतल्या धुळीसकट. हिरा झाला तरी तो झिजणारच.

झीज कानाला कळेपर्यंत थांबलं, तर तोवर काही तबकड्यांचं कायमचं नुकसान झालेलं असतं. म्हणून भिंग हवं. पण दुकानात किंवा ऑनलाइन बघायला गेलं की पहिला आकडा समोर येतो तो ‘किती एक्स’, म्हणजे किती पट मोठं दिसतं, हा, आणि तिथेच बहुतेकांची खरेदी चुकते. एक्सचा आकडा तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर येतो. त्याआधी विचारायचं ते हे: लेन्सला किती बारीक दिसतं, टोकापासून किती लांब राहून दिसतं, आणि प्रकाश कुठून टाकता येतो.

आपण नेमकं काय शोधतोय

एलपीची खाच इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची असते. दोन्ही भिंती ४५ अंशांत कललेल्या, मधला कोन ९० अंशांचा. स्टायलसचं गोल टोक खाचेच्या तळाला टेकत नाही, ते दोन भिंतींवर दोन ठिकाणी टेकतं. झीज होते ती या दोन ठिकाणीच. तिथला गोलवा घासून सपाट होतो आणि हिऱ्याला दोन नवे पैलू पडतात. या पैलूंच्या कडा धारदार असतात आणि विनाइल खरवडण्याचं काम त्याच करतात. भिंगातून शोधायचे आहेत ते हे दोन पैलू.

आता मापं. शंकूच्या आकाराच्या साध्या स्टायलसच्या टोकाची त्रिज्या १५ ते १८ मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. लंबवर्तुळाकार, म्हणजे इलिप्टिकल स्टायलस सहसा ८ बाय १८ मायक्रॉनचा असतो. शिबाता, मायक्रोलाइन यांसारख्या जातींत खाचेच्या दिशेची त्रिज्या ३ ते ६ मायक्रॉन, काहींत त्याहूनही कमी.

१८ मायक्रॉन त्रिज्येच्या टोकावर १२ मायक्रॉन लांबीचा पैलू पडायला हिऱ्याची किती जाडी घासली जाते? भूमितीने हिशेब केला तर फक्त एक मायक्रॉन. म्हणजे टोकाची बाह्याकृती बघितली तर काहीच बदललेलं दिसत नाही. ‘टोक तर छान गोल दिसतंय’ असं म्हणून झिजलेली सुई महिनोन् महिने वाजत राहते ती यामुळे.

हा १२ मायक्रॉनचा पैलू ऐकण्याच्या दृष्टीने मात्र मोठा आहे. तबकडीच्या आतल्या टोकाला, ६० मिलिमीटर त्रिज्येवर, खाच सेकंदाला २१ सेंटिमीटर या वेगाने सरकते. तिथे १० हजार हर्ट्झच्या एका लहरीची लांबी होते २१ मायक्रॉन, आणि अर्ध्या लहरीची साडेदहा. बारा मायक्रॉनची सपाट जागा साडेदहा मायक्रॉनच्या वळणात बसतच नाही, ती वळण तासत जाते. बाहेरच्या कडेला तीच लहर ५१ मायक्रॉन लांब असते, म्हणून तिथे अजून सगळं ठीक वाटतं. बाजूच्या शेवटच्या गाण्यात टाळ-झांजा आणि ‘स’, ‘श’ खरखरायला लागतात आणि पहिलं गाणं स्वच्छ वाजतं, त्यामागे हे गणित आहे. (हीच तक्रार कार्ट्रिज, म्हणजे स्टायलस ज्यात बसतो तो छोटा डबा, वाकडं बसवल्यानेही येते, त्यामुळे नुसत्या कानावर निर्णय घेऊ नये.)

दहा पटींत काय दिसतं

निरोगी डोळ्याला २५ सेंटिमीटरवरून साधारण ७० मायक्रॉन अंतरावरचे दोन ठिपके वेगळे दिसतात. दहा पट भिंगाने हे अंतर ७ मायक्रॉनवर येतं. १२ मायक्रॉनच्या पैलूचा आकार त्यात ओळखू येणं शक्य नाही. पण म्हणून दहा पटींचं भिंग निरुपयोगी ठरत नाही. टोकावर साचलेला धुळीचा गोळा, वाकलेला कॅन्टिलिव्हर (हिरकणी जिच्या टोकाला बसवलेली असते ती बारीक दांडी), तिरकी बसलेली किंवा चक्क गळून पडलेली हिरकणी, हे सगळं त्यात स्वच्छ दिसतं. घड्याळजी डोळ्याला लावतात ते आय ग्लास किंवा जवाहिऱ्यांचं तीन काचांचं घडीचं भिंग टर्नटेबलजवळ कायम असावं.

घेताना एक फसवणूक ओळखून घ्या. ‘३० एक्स, २१ मिलिमीटर’ असा शिक्का मारलेली चकचकीत भिंगं सगळीकडे मिळतात. एका भिंगाची वर्धनक्षमता म्हणजे २५० भागिले त्याचं मिलिमीटरमधलं नाभीय अंतर. तीस पटींसाठी नाभीय अंतर ८.३ मिलिमीटर हवं. २१ मिलिमीटर रुंद काचेचं नाभीय अंतर एवढं कमी ठेवून चित्र स्पष्ट येणं व्यवहारात शक्य नाही. ही भिंगं बहुधा दहा पटींच्या आसपास असतात. तपासणी सोपी आहे: खोलीतल्या ट्यूबलाइटची प्रतिमा भिंगातून कागदावर पाडा आणि भिंगापासून कागदापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. २५ मिलिमीटर आलं तर भिंग दहा पटींचं.

झीज बघायला खरं साधन

सूक्ष्मदर्शकाच्या ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे वस्तूकडच्या लेन्सवर ‘१०/०.२५’ असं काहीतरी कोरलेलं असतं. पहिला आकडा पटींचा, दुसरा न्यूमरिकल ॲपर्चरचा, म्हणजे लेन्स किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते त्याचा. किती बारीक दिसणार हे हा दुसरा आकडा ठरवतो. ०.१०ला सुमारे ३.४ मायक्रॉन, ०.२५ला १.३ मायक्रॉन आणि ०.४०ला ०.८ मायक्रॉन. ॲपर्चरच्या हजारपटीपलीकडे वर्धन नेलं की चित्र मोठं होतं, पण नवीन काही दिसत नाही. म्हणजे ०.२५च्या लेन्सची उपयोगी मर्यादा २५० पट.

हा आकडा मोठा होत जातो तशी एक अडचण वाढते: फोकसमध्ये राहणारी खोली कमी होते. ०.१०ला ५५ मायक्रॉन, ०.२५ला ९, ०.४०ला जेमतेम साडेतीन. आता आपला १२ मायक्रॉनचा पैलू ४५ अंशांत कललेला आहे. वरून बघताना त्याची वरची आणि खालची कड यांच्या उंचीत साडेआठ मायक्रॉनचा फरक पडतो. दहाच्या ऑब्जेक्टिव्हमध्ये तो पूर्ण फोकसमध्ये मावतो, वीसच्यात (ॲपर्चर ०.४०) फक्त मधली पट्टी स्पष्ट दिसते. म्हणून शंकू आणि इलिप्टिकल स्टायलससाठी दहाचं ऑब्जेक्टिव्ह आणि दहा ते वीसचा आयपीस (डोळा लावायची लेन्स), म्हणजे एकूण १०० ते २०० पट, ही जोडी आमच्या मते सर्वांत चांगली. १०० पटींत पैलू सव्वा मिलिमीटरचा दिसतो, ते पुरेसं आहे.

हे साधन फार दुर्मिळ नाही. हरियाणातल्या अंबाल्यात तयार होणारे विद्यार्थ्यांचे सूक्ष्मदर्शक शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांत सर्रास असतात, आणि त्यांत ४, १० आणि ४० अशी ऑब्जेक्टिव्ह बसवलेली असतात. दहाच्या लेन्सचं टोक वस्तूपासून साधारण ५ ते ७ मिलिमीटर दूर राहतं, तेवढी मोकळीक स्टायलसला चालते. चाळीसचं मात्र सुमारे ०.६ मिलिमीटरवर येतं आणि ते ०.१७ मिलिमीटर जाडीच्या आच्छादन-काचेतून बघण्यासाठी बनवलेलं असतं. ते आपल्या कामाचं नाही. धोक्याचं मात्र आहे: ही लेन्स लांब असते, आणि लेन्सची चकती फिरवताना ती हिरकणीला धडकते. स्टायलस ठेवण्यापूर्वी चाळीस आणि शंभरची ऑब्जेक्टिव्ह चकतीवरून काढूनच ठेवा.

दुसरी मर्यादा जागेची. कार्ट्रिजच्या दोन मुख्य जाती आहेत. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा स्टायलस ओढून वेगळा काढता येतो आणि तो लेन्सखाली सहज बसतो. मूव्हिंग कॉइलमध्ये तसं होत नाही, हेडशेलसकट (कार्ट्रिज ज्यावर बसवतात तो भाग) सगळं ठेवावं लागतं, आणि तेवढी उंची बऱ्याच साध्या सूक्ष्मदर्शकांत मिळत नाही. विकत घेण्यापूर्वी मंच पूर्ण खाली करून लेन्सपर्यंतचं अंतर मोजा.

दोन्ही डोळ्यांनी बघायचा स्टिरिओ मायक्रोस्कोप वापरायला सर्वांत सुखाचा. लेन्स ८०-१०० मिलिमीटर लांब राहते, हात घालून काम करता येतं. पण त्याचं ॲपर्चर ०.१०च्या आसपासच असतं. ‘पैलू पडलाय का’ हे त्यात कळेल, ‘किती मोठा’ हे नीट मोजता येणार नाही. धातुशास्त्राच्या सूक्ष्मदर्शकाची तऱ्हा निराळी. त्यात प्रकाश लेन्समधूनच सरळ खाली येतो आणि आडव्या पृष्ठभागावरूनच परत लेन्समध्ये शिरतो. ४५ अंशांतले आपले पैलू त्यात काळे दिसतात. स्टायलस ४५ अंश कलवून एकेक पैलू लेन्ससमोर आणला, तर मात्र इतकं सुंदर चित्र दुसरीकडे कुठे मिळत नाही.

खिशात मावणारे ६० ते १२० पटींचे छोटे मायक्रोस्कोप स्वस्त आहेत आणि जपून वापरले तर कामाचेही. त्यांचा फोकस जवळजवळ बुडाच्या पातळीवर असतो, कारण ते सपाट वस्तूवर टेकवायला बनवलेले असतात. स्टायलसवर टेकवले तर कॅन्टिलिव्हर गेलाच. दोन बाजूंना सारख्या उंचीच्या वह्यांचे गठ्ठे ठेवून त्यावर मायक्रोस्कोप ठेवा आणि स्टायलस मधल्या फटीत खालून वर आणा.

यूएसबी मायक्रोस्कोपवरच्या ‘१००० एक्स’, ‘१६०० एक्स’ या आकड्यांकडे पूर्ण दुर्लक्ष करा. तोच कॅमेरा मोठ्या पडद्याला जोडला की ‘एक्स’ वाढतो, बारकावे तेवढेच राहतात. डिनो-लाइटसारख्या चांगल्या कंपन्या २० ते २२० पट असा सरळ आकडा सांगतात. स्वस्त नग पारखायचा तर मायक्रोमीटर स्लाइड घ्या. या काचेवर १ मिलिमीटरचे १०० भाग आखलेले असतात, दोन रेघांत १० मायक्रॉन. त्या रेघा सुट्ट्या दिसल्या तर नग ठेवा, एकमेकींत मिसळल्या तर तो धूळ बघण्यापुरताच. स्लाइड नसेल तर एलपीच ठेवा: २० मिनिटांच्या बाजूवर शेजारच्या दोन खाचांत सरासरी ०.१३ मिलिमीटर अंतर असतं, त्यावरून निदान दृश्याची रुंदी मोजता येते.

प्रकाश: सगळं यावर अवलंबून आहे

उत्तम सूक्ष्मदर्शक आणूनही झीज दिसत नाही, असं होतं तेव्हा दोष सहसा दिव्याचा असतो. स्टायलस टोक वर करून लेन्सखाली ठेवला की दोन्ही पैलू ४५ अंशांत बाहेर कललेले असतात. आरशाच्या नियमाने, त्यांच्यावरून उजेड सरळ वर लेन्समध्ये जायचा, तर तो अगदी आडवा, टोकाच्या पातळीतून यायला हवा. आणि तोही कॅन्टिलिव्हरला काटकोनात, डावीकडून आणि उजवीकडून. वरून मारलेला टॉर्च, यूएसबी मायक्रोस्कोपच्या तोंडाभोवतीचे आठ एलईडी, खिडकीचा उजेड, यांपैकी काहीही हे काम करत नाही.

दोन छोटे एलईडी टॉर्च घ्या. तोंडावर काळा कागद लावून त्याला ५ मिलिमीटरचं भोक पाडा. टोकापासून साधारण ६ सेंटिमीटरवर, दोन बाजूंना, टोकाच्याच उंचीवर ठेवा. खोलीतले बाकी दिवे बंद करा. मायक्रोस्कोपचा स्वतःचा दिवाही बंद.

भोक लहान का, तर गोल पृष्ठभाग म्हणजे बहिर्वक्र आरसा. त्यात दिव्याची चिमुकली प्रतिमा दिसते. वरच्या मापांनी नव्या टोकावर ती एक मायक्रॉनहूनही लहान होते: टाचणीच्या अग्रासारखा एक ठिपका. झिजलेल्या पैलूवर मात्र १० मायक्रॉनचा अख्खा तुकडा उजळतो, आणि त्याला स्पष्ट कड असते. काळोखात मांजराचे दोन डोळे चमकावेत तसं ते दिसतं. शंकूच्या टोकावर या दोन डोळ्यांमधलं अंतर २५ मायक्रॉनच्या आसपास असतं. दिवा मोठा असेल तर नव्या टोकावरचा ठिपकाही फुगतो आणि चांगला स्टायलस झिजलेला वाटायला लागतो.

शंका राहिली तर टॉर्च हळूच पंधरा-वीस अंश वर-खाली करा. गोल पृष्ठभागावरचा ठिपका विझत नाही, थोडा सरकतो. पैलू जागेवरच राहतो आणि जवळजवळ एकदम उजळतो किंवा विझतो. याहून भरवशाची खूण नाही.

बघण्याची पद्धत

आधी स्वच्छ करा. कोरड्या मऊ ब्रशने, कार्ट्रिजच्या मागच्या बाजूकडून पुढे, एकाच दिशेने. उलट किंवा आडवा ब्रश फिरवला तर कॅन्टिलिव्हर वाकतो. टोकाला चिकटून बसलेला काळा थर ब्रशने जात नाही. मेलामाइन स्पंजचा तुकडा तबकडीच्या जागी ठेवून टोनआर्मच्या (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याच्या) लिफ्टने स्टायलस सरळ खाली टेकवा आणि सरळ वर उचला, चार-पाच वेळा. आडवं घासू नका. अल्कोहोल शक्यतो टाळा, हिरकणी धरून ठेवणारा गोंद त्याने सैल पडू शकतो.

अँप्लिफायर बंद करून स्टायलस काढा. मूव्हिंग कॉइलची चुंबकं जोरदार असतात, लोखंडी चिमटा किंवा स्क्रू-ड्रायव्हर झटक्यात खेचला जातो, म्हणून पितळी किंवा प्लॅस्टिकचीच हत्यारं वापरा. काचपट्टीवर ब्लू टॅकसारख्या चिकट लगद्यात स्टायलसचं प्लॅस्टिकचं अंग रोवा, टोक वर. प्लेअरवर कार्ट्रिजची वरची बाजू जशी तबकडीला समांतर असते, तशीच इथे मंचाला समांतर ठेवा. उलटं केल्यावर डावं-उजवं बदलतं, तेव्हा तबकडीच्या मध्याकडे असणाऱ्या बाजूला आधीच पेनाने ठिपका द्या.

फोकस करताना बाजूने बघत लेन्स टोकाजवळ आणा. मग डोळा आयपीसला लावा आणि लेन्स दूर नेत नेत फोकस मिळवा. उलट दिशेने कधीही नाही. पंखा बंद ठेवा. २०० पटींत त्याच्या वाऱ्याने चित्र नाचतं.

काही गोष्टी झिजेसारख्या दिसतात. स्वस्त स्टायलसमध्ये हिऱ्याचा छोटा तुकडा धातूच्या दांडीवर जोडलेला असतो, तो सांधा तडा गेल्यासारखा दिसतो. गोंदाचा थेंब चमकतो, पण तो टोकापासून बराच खाली असतो. हिरा पारदर्शक असल्याने आतूनही उजेड परततो, पण तो धूसर असतो, त्याला धारदार कड नसते. शिबाता, मायक्रोलाइनसारख्या टोकांना कारखान्यातच पैलू पाडलेले असतात. त्यांचा नव्याचा फोटो हाताशी नसेल तर घरच्या साधनांनी निकाल देऊ नये, टोक बदलून देणाऱ्या जाणकाराकडे पाठवावं.

किती झीज म्हणजे पुरे

शंकू आणि इलिप्टिकलसाठी आम्ही खाचेच्या दिशेतली पैलूची लांबी बघतो. ५ मायक्रॉनपर्यंत निश्चिंत राहावं. ८ ते १०ला नवा स्टायलस मागवून ठेवावा. १२च्या पुढे तो तबकडीवर ठेवू नये, मग कानाला कितीही चांगला वाटो. ही लांबी वरून बघताना खरी दिसते. आडवी रुंदी मात्र कलामुळे तीन दशांश कमी दिसते.

एक पैलू दुसऱ्यापेक्षा मोठा असेल तर तो प्लेअरचा दोष आहे. टोनआर्म स्वभावतः आत ओढला जातो, त्यामुळे अँटिस्केटिंग, म्हणजे त्याला बाहेर ओढणारा ताण, कमी असलं की मध्याकडची बाजू जास्त झिजते. स्टेरिओमध्ये तो डावा चॅनेल. पैलू सारखेच मोठे पण दोन्ही एका बाजूला सरकलेले असतील, तर कार्ट्रिज समोरून बघताना तिरकं बसलंय. नवा स्टायलस घालण्यापूर्वी हे दुरुस्त करा, नाहीतर तोही तसाच झिजेल.

तपासणी कधी करायची? ऑडिओ-टेक्निका आपल्या स्टायलससाठी अंदाजे आयुष्य सांगते: इलिप्टिकल ३०० तास, शंकू ५००, मायक्रोलाइन १०००. स्वच्छ तबकड्यांवर ते वाढतं, धुळीत बरंच कमी होतं. नवा आणल्या दिवशी एक फोटो काढा, मग निम्म्या आयुष्याला, आणि त्यानंतर दर १०० तासांनी, तीच लेन्स, तेच दिवे, तीच अंतरं ठेवून.

घरात नाट्यसंगीताच्या जुन्या ७८च्या तबकड्या असतील तर त्यांचा स्टायलस वेगळा, त्रिज्या ६५ ते ७५ मायक्रॉन. तो तपासणं तुलनेने सोपं, चारचं ऑब्जेक्टिव्हसुद्धा चालतं. एलपीची सुई त्या खाचेत तळापर्यंत जाऊन घासते आणि भिंतींऐवजी तिचा शेंडाच सपाट होतो. असा एकच, मधोमध, वर तोंड केलेला पैलू दिसला तर ती सुई ७८वर वाजली आहे असं समजा. हा पैलू आडवा असतो, त्यामुळे बाजूच्या दिव्यांत तो काळाच राहतो. टॉर्च लेन्सच्या जितका जवळ आणता येईल तितका आणून वरून मारला, तर दिसतो.

मुंबई-कोकणाच्या पावसाळ्यात लेन्सच्या काचेला बुरशी धरते आणि ती काचेवरचा लेप खाते. वापर झाला की ऑब्जेक्टिव्ह काढून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. निळ्या दाण्यांचं जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा निळं करा. तो तवा स्वयंपाकाला वापरू नका.